दोरी शेवटी ओढायची



मागच्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी एक तरुण मुलगा रिक्षातून एक आउटबोर्ड मोटर घेऊन माझ्याकडे आला. वरचा भाग गोणपाटात गुंडाळलेला, खालचा पंखा रिक्षाच्या बाहेर. आजोबांची मोटर. आजोबा गेल्यापासून, म्हणजे बारा-पंधरा वर्षं, पडवीत भिंतीला टेकून उभी होती. मी विचारलं, "हिला काही केलंस का?" म्हणाला, "काही नाही काका, नुसती दोरी ओढून बघितली." "किती वेळा?" तो जरा ओशाळला. "दोन दिवस ओढत होतो. पहिल्यांदा गच्च होती, मग जोर लावला तशी सुटली."

मोटर उघडली. पिस्टनची एक रिंग गंजून खाचेत चिकटली होती, ती जोर लावल्यावर मोडली आणि तिच्या तुकड्यानं सिलिंडरवर उभा ओरखडा पाडला. खाली पंपातल्या रबरी चक्राची पातीही तुटली होती, तुकडे पाण्याच्या वाटेत वर जाऊन अडकले होते. पंधरा वर्षांच्या पडवीनं जे केलं नाही, ते दोन दिवसांच्या दोरीनं केलं.

म्हणून आज मी जे सांगणार आहे ते दोरी ओढण्याच्या आधीचं आहे. जुनी मोटर मेली आहे असं आपण फार लवकर ठरवतो. माझ्याकडे आलेल्या बहुतेक मोटरी मेलेल्या नव्हत्या, नुसत्या आखडलेल्या होत्या. आखडलेल्या माणसाला उठवून पळायला लावत नाहीत, आधी तेल लावतात. इथेही तेच.

मी बोलतोय ते जुन्या टू-स्ट्रोक मोटरींबद्दल. आपल्या किनाऱ्यावर जुन्या यामाहा पुष्कळ दिसतात, क्वचित कुणाच्या माळ्यावर जॉन्सन किंवा एव्हिनरूड निघते. एकदा एका गृहस्थांनी ब्रिटिश सीगल दाखवली होती. झाकण नाही, पितळेची टाकी उघडी, फ्लायव्हीलवर गाठीची दोरी हातानं गुंडाळायची आणि ओढायची. जुन्या सीगलला दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल लागायचं. चालू झाली की मागे खाडीभर निळा धूर. देखणी म्हणता येणार नाही, पण पाना घेऊन बसलेल्या माणसाला तिच्यात लपलेलं काही सापडत नाही, सगळं समोर.

तर पहिलं काम. लाकडाची भक्कम घोडी करा आणि मोटर तिच्यावर होडीला लावतो तशी लावा. जमिनीवर आडवी टाकून काम करू नका, नट-बोल्ट हरवतात आणि कंबर जाते. मग प्लग काढा. आता एक गोष्ट लक्षात घ्या. मोटरसायकलचं सिलिंडर साधारण उभं असतं, आउटबोर्डचं आडवं असतं. प्लगच्या भोकातून तेल ओतलंत तर ते पिस्टनपाशी न थांबता तळाला साचतं, नाहीतर बाहेर येतं. म्हणून घोडीवर मोटर वर उचलून अडकवा, होडी किनाऱ्याला लावताना पंखा पाण्याबाहेर काढतो तशी. प्लगची भोकं आकाशाकडे होतात. आता प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे अर्धं डिझेल आणि अर्धं इंजिन ऑइल सोडा. भोकावर फडकं ठेवा आणि चार दिवस तिकडे फिरकू नका.

चार दिवसांनी फ्लायव्हीलच्या मधल्या नटाला पाना लावून हलकेच फिरवा. वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. त्या दिशेला नट घट्ट होतो, सुटत नाही, आणि पंपाची पातीही नेहमीच्याच बाजूला वाकतात. उलटं फिरवलंत तर वर्षानुवर्षं एका बाजूला कललेली ती सुकी पाती मोडतात. हलली नाही? पुन्हा तेल, पुन्हा चार दिवस. एक मोटर सव्वा महिन्यानं हलली आहे माझ्याकडे. हातोडा मात्र दूर ठेवा. फ्लायव्हील काढायचं झालं तर पुलर वापरा. दांड्याच्या टोकावर हातोडा घातला की क्रँक वाकतो आणि मग ती मोटर भिंतीवर टांगायच्या कामाची उरते.

हलली की कॉम्प्रेशन बघा. गेज गॅरेजवाल्याकडून उसना मिळतो. आकडा किती आला यापेक्षा दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ आहेत का हे बघा. दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर पुढे जा.

आता ठिणगी. जुन्या मोटरीत फ्लायव्हीलच्या खाली मॅग्नेटो असतो, त्यात पॉइंट असतात. प्लग तारेला जोडून त्याचं लोखंड इंजिनला टेकवायचं, भोकापासून लांब, आणि अंधारात फ्लायव्हील फिरवून बघायचं. ठिणगी दिसली नाही की लोक थेट कॉइल बदलायला धावतात. थांबा. पॉइंट वर्षानुवर्षं उघडे राहिले की त्यांच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसेल असा पांढुरका थर धरतो आणि करंट जात नाही. एक जुनं व्हिजिटिंग कार्ड घ्या, स्पिरिटमध्ये बुडवा, पॉइंटमध्ये धरून ओढा. कार्डावर काळी रेघ उमटेल. रेघ उमटेनाशी होईपर्यंत कार्ड बदलत राहा. मग गॅप लावा. बऱ्याच जुन्या मोटरींना तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, पण आपल्या मॉडेलचं पुस्तक बघूनच लावा. यानंतरही ठिणगी नसेल तेव्हा कॉइलकडे बघा. तिच्या अंगावर बारीक तडे दिसले तर मात्र ती गेली.

कार्बोरेटरबद्दल थोडक्यात. जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे तपकिरी, वॉर्निशसारखा चिकट थर राहतो. तो जेटच्या सुईएवढ्या भोकांत बसतो. सगळं सोडवून कार्बोरेटर क्लीनरनं धुवा. जेटमध्ये स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की मोटर आयुष्यभर पेट्रोल पीत राहते. वायरमधला तांब्याचा एक केस पुरतो. जुळवणीचे स्क्रू काढण्याआधी ते किती फेरे घट्ट होतात ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा. मी अजून लिहितो.

हल्लीच्या पेट्रोलची एक गोष्ट आहे. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या मोटरी बनल्या तेव्हा हे कुणाच्या गावी नव्हतं. काही मोटरींच्या कार्बोरेटरमध्ये बुचाचा फ्लोट असतो आणि त्यावर चपड्याचं रोगण असतं. चपडा अल्कोहोलमध्ये विरघळतो, तेव्हा ते रोगण सुटतं, बूच पेट्रोल पिऊन जड होतं आणि फ्लोट बुडतो. जुन्या रबरी नळ्याही फुगतात. नळ्या नव्या टाका, आणि काम झालं की टाकीतलं आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून ठेवा. आपल्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढून घेतं.

आता मी जरा रेंगाळणार आहे ते पंपापाशी, कारण मोटरी मरतात त्या इथे. आउटबोर्ड ज्या पाण्यातून चालते त्याच पाण्यानं थंड होते. खालच्या पायात रबराचं पाकळ्यांचं चक्र असतं, इम्पेलर म्हणतात त्याला, ते पाणी वर ढकलतं. जुन्या मोटरीचं इम्पेलर दिसायला चांगलं असलं तरी बदला. पाकळ्या एका बाजूला कायमच्या वाकलेल्या असतात, त्यांच्यात ढकलायची ताकद नसते. आणि पाण्याच्या सगळ्या वाटा तपासा. आपल्याकडे मीठ आणि चिखल असतोच, पण माझ्या अनुभवात सगळ्यात मोठी गुन्हेगार निघाली कुंभारमाशी. बाजूला पिचकारीचं जे बारीक भोक असतं ना, जिथून चालू मोटरीतून पाण्याची धार पडते, त्यात ती मातीचं घर बांधते. आत अळी, कोळी, सगळा संसार. बाहेरून भोक नुसतं धुळीचं वाटतं. मी आधी तिथेच तार घालतो.

जाम बोल्टांबद्दल अनेक जण विचारतात. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमचं अंग आणि मध्ये खारं पाणी, या तिघांची गाठ पडली की पांढरी भुकटी तयार होते आणि बोल्ट धरून ठेवते. जोर लावलात तर डोकं मोडतं. आधी टाकी आणि पेट्रोलच्या नळ्या दुसऱ्या खोलीत न्या. मग बोल्टाच्या भोवतीचं ॲल्युमिनियम ब्लो लॅम्पनं तापवा. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून पकड सुटते. गरम असतानाच बोल्टाच्या मानेला मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत उतरतं. पाना आधी थोडा घट्ट करायच्या बाजूला द्या, मग सोडायच्या. कट् असा आवाज आला की तुम्ही जिंकलात. बसवताना आट्यांना ग्रीस लावा, पुढच्या माणसाचे आशीर्वाद मिळतील. तो पुढचा माणूस बहुधा तुम्हीच असता.

गिअरचं तेल काढून बघा. दुधाच्या चहासारखं निघालं तर सील गेलं आहे, पाणी आत येतंय. नवं ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलंत तर आत हवा अडकते.

आणि पंख्याची पिन. अनेक जुन्या मोटरींत पंखा एका मऊ धातूच्या पिनेवर फिरतो. खडकाला लागला की ती पिन तुटते आणि गिअर वाचतात. ती तुटण्यासाठीच असते. पण आपले लोक हुशार! पिन तुटली की पोलादी खिळा कापून घालतात. तो तुटत नाही, हे खरं आहे. पुढच्या खडकाला गिअरचे दात तुटतात. दोन पिना सुताला बांधून होडीत ठेवा.

तेल मिसळायचं ते मोटरसायकलचं टू-टी नको. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं, ते पाण्यानं थंड होणाऱ्या मोटरींसाठीचं. पुस्तकात ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. पहिली टाकी दुप्पट तेलाची करा. प्लग काळा पडेल, पडू दे. केरोसीनवर चालणारी मोटर असेल तर ती पेट्रोलवर सुरू करून, तापली की केरोसीनवर घ्यायची, आणि बंद करण्याआधी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवायची, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उरतं. हे ठाऊक सगळ्यांना असतं, करतो दहातला एक.

रंगाबद्दल मी बोलत नाही. तो तुमचा प्रश्न. मी जुना रंग आणि जुनी नावं तशीच ठेवतो.

आता दोरी. अंगणात, मोकळ्या हवेत, मोठ्या पिंपात मोटर लावा. पडवीत नको, धूर जीवघेणा असतो. पंखा काढून ठेवा. पंख्याच्या वर जी आडवी पाटी असते ती बुडून चार बोटं वर पाणी हवं. कोरडी मोटर अर्धा मिनिट चालली तरी नवं इम्पेलर जळतं. गिअर न्यूट्रलला आहे ना, ते हातानं बघा. आधी दोरी हळूच ओढा, दाब लागतो तिथपर्यंत. तिथून एकच झटका.

सुरू झाली की आवाजाकडे बघू नका, पिचकारीकडे बघा. धार आली पाहिजे. तळहात धरा, दोन-तीन मिनिटांनी पाणी कोमट लागलं पाहिजे. चटका बसला किंवा धार थांबली, की लगेच बंद.

त्या मुलाची मोटर अशीच सुरू झाली, जुलैत, मासेमारीची बंदी चालू असताना. सिलिंडर बोअर करून आणावं लागलं, रिंगा शोधायला सात महिने गेले. धार पडली तेव्हा त्याची आजी पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "आवाज तोच आहे."

१९०९ साली अमेरिकेत मिलवॉकीला ओले एव्हिनरूडनं आपली मोटर विकायला काढली. दीड अश्वशक्तीची, ६२ पौंडांची, म्हणजे २८ किलोची. वल्ही मारण्याचा कंटाळा हेच तिचं मूळ. तरी माझं ऐका. दुरुस्त केलेली मोटर पहिल्यांदा खाडीत न्याल तेव्हा ओहोटीला जाऊ नका, भरतीला जा, आणि दोन वल्ही होडीत असू द्या. आम्ही गेलो त्या दिवशी ती अर्ध्या खाडीत बंद पडली. प्लग तेलानं काळा झाला होता. मुलानं प्लग पुसला, आणि तोवर वल्ही मी मारली.