कावळा बसला आणि फांदी मोडली



आज दुपारी कार्यकर्त्यांनी मला आपल्या गावचे केदारेश्वराचे मंदिर दाखवले. चालुक्यांच्या काळचे ते शिल्पकाम पाहताना मनात एक विचार आला. या भिंतीत एकही दगड आपोआप येऊन बसलेला नाही. कोणीतरी आधी योजले, मोजले आणि मग तो तेथे बसवला. मग आपल्या आयुष्यात ज्या घटना एकमेकींशेजारी येऊन बसतात, त्याही अशाच कोणी बसवलेल्या असतात काय? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. ज्याची आठवण काढावी तो दारात उभा राहतो. गाडी चुकते आणि त्या गाडीलाच अपघात होतो. आपण म्हणतो, "काय हा योगायोग!" पण म्हणताना आपल्या मनात असते, की हा नुसता योगायोग नव्हे, यामागे काहीतरी असले पाहिजे.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता. संस्कृतात 'काकतालीय न्याय' आहे. कावळा ताडावर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली. आपल्या मराठीने ताड काढून तेथे फांदी घातली, इतकेच. दुसरा आहे 'घुणाक्षर न्याय'. लाकूड पोखरणारा किडा आपल्या वाटेने जातो आणि मागे राहिलेल्या रेघेत कधी एखादे अक्षर उमटते. वाचणारा आश्चर्य करतो, पण किड्याला बाराखडी ठाऊक नसते. म्हणजे योगायोगाकडे सावधपणे पाहावे हे काही आपण परक्यांकडून शिकलेलो नाही. आपण ते शिकलो होतो आणि विसरलो, असे फार तर म्हणता येईल.

पहिल्यांदा थोडा हिशेब करू. या सभेतली कोणतीही तेवीस माणसे उठवून व्यासपीठावर आणली, तर त्यांतल्या कोणा दोघांची जन्मतारीख एकच निघण्याचा संभव किती? वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, तेव्हा संभव अगदी थोडा असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो निम्म्याहून किंचित अधिक आहे. कारण तेवीस माणसांच्या जोड्या तेवीस नसतात, 253 होतात. सत्तावन्न माणसे घेतली तर हा संभव शंभरात नव्याण्णवच्या घरात जातो. आपण मोजताना माणसे मोजतो, आणि योगायोग जोड्यांत घडत असतो. शिवाय ज्याची आठवण काढली आणि जो आला नाही, अशा शेकडो प्रसंगांची नोंद आपल्यापैकी कोणीच ठेवत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या फोनवर येऊन गेले असेल. केदारनाथ, काळेश्वरम, काळहस्ती, कांची, चिदंबरम आणि रामेश्वर ही शिवस्थाने 79 अंश रेखांशावर एका सरळ रेषेत आहेत, असा तो संदेश असतो. नकाशा उघडून पाहिले तर ही स्थाने 79 आणि 80 अंशांच्या मध्ये कमीअधिक अंतरावर विखुरलेली दिसतात. म्हणजे ती रेषा नव्हे, शंभरेक किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे. आणि शिवमंदिरांना काही तोटा नसलेल्या या देशात इतका रुंद पट्टा कोठेही उभा आखला, तरी त्यात पाचसहा थोर शिवस्थाने सापडतील. आपला केदारेश्वर आणि परळीचा वैजनाथ या पट्ट्यात बसत नाहीत, म्हणून त्यांची नावे त्या संदेशात नाहीत! आधी मंदिरे निवडायची आणि मग रेषा सापडली म्हणायचे, हा प्रकार बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढण्यासारखा आहे.

तर मग सगळेच योगायोग पोकळ समजावेत काय? नाही, आणि येथेच विषयाला खरा रंग चढतो. एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदाने 1705 साली चोवीस धूमकेतूंच्या मार्गांचे गणित प्रसिद्ध केले. त्यात त्याला दिसले की 1531, 1607 आणि 1682 या सालांतले तीन धूमकेतू जवळजवळ एकाच वाटेने येऊन गेले. मध्ये अंतर पंचाहत्तर-शहात्तर वर्षांचे. एखादा म्हणाला असता, गाठ पडली झाले! हॅली तसे म्हणाला नाही. हा एकच धूमकेतू आहे आणि तो 1758 च्या सुमारास परत येईल, असे त्याने सांगून ठेवले. 1742 साली तो वारला. आणि 1758 च्या डिसेंबरात, नाताळच्या रात्री, जर्मनीतल्या पालिच नावाच्या एका शेतकऱ्याला तो धूमकेतू दिसला. राजाच्या वेधशाळेतल्या पंडिताला नव्हे, शेतकऱ्याला! पुढे तो 1910 ला आला, 1986 ला आला, आणि 2061 ला येणार आहे. या सभेतली मुले तो पाहतील.

हा योगायोग आणि फोनवरच्या संदेशातला योगायोग यांत फरक काय? हॅलीने रेषा आधी आखली आणि धूमकेतूला त्या रेषेवर यायला सांगितले. तो आला नसता तर हॅली खोटा ठरला असता. विश्वात खोल व्यवस्था आहे, यात मला शंका नाही. परंतु खरी व्यवस्था पुढचे सांगण्याचा धोका पत्करते. मागचे जुळवून दाखवायला धोका लागत नाही.

आणखी एक योगायोग आपल्या मुलखाजवळचा आहे. 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. छायेचा पट्टा कोकणकिनाऱ्यावरून विजापूरकडे आणि पुढे आंध्रात गेला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी यंत्रे लावून बसला होता, तर गुंटूरला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश त्यांनी वर्णपटदर्शकातून पाहिला. जान्सेनला ध्यानात आले की या ज्वाळा पाहायला ग्रहणाचीही गरज नाही. दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्याने त्या पाहिल्या. इंग्लंडात लॉकियर यानेही, जान्सेनची काही वार्ता नसताना, ऑक्टोबरात हीच युक्ती साधली. दोघांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले, आणि दोन्ही पत्रे एकाच दिवशी, थोड्या मिनिटांच्या अंतराने, अकादमीत पोहोचली! फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या मुद्रा असलेले एक पदक पाडले. त्या वर्णपटातल्या एका पिवळ्या रेषेतूनच हेलियमचा शोध लागला. पृथ्वीवर तो वायू सापडायला 1895 साल उजाडावे लागले.

दोन पत्रांची गाठ एकाच दिवशी पडावी हा खरोखर योगायोग. पण दोघांना एकच कल्पना सुचावी हा योगायोग नव्हे. वर्णपटाचे शास्त्र किरखॉफ आणि बुन्सेन यांनी 1859 मध्येच उभे केले होते. तेच यंत्र, तोच सूर्य आणि तोच प्रश्न दोघांपुढे होता. एका नांगरटीवर एकाच पावसानंतर दोन शेतांत पीक उगवले, तर त्या शेतांनी एकमेकांना निरोप पाठवला असे आपण म्हणत नाही. दोन गोष्टी जुळल्या की तिसरी, दोघींना समान असलेली गोष्ट आधी शोधावी.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण ते मांडणारा माणूस लहान नव्हता. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1952 साली असा विचार मांडला की काही घटना कार्यकारणाने नव्हे, तर अर्थाने जोडलेल्या असतात. एक रुग्ण त्यांना स्वप्नात मिळालेल्या सोन्याच्या भुंगेऱ्याची हकीकत सांगत होती. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली, आणि युंग यांनी उघडून पाहिले तर तसाच सोनेरी झाकेचा भुंगेरा! हट्टाला पेटलेले त्या बाईंचे मन त्या क्षणी मोकळे झाले. ज्या पुस्तकात हा निबंध आला, त्याच पुस्तकात नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांचाही निबंध होता. युंग यांनी विवाहित जोडप्यांच्या कुंडल्याही तपासल्या, एकूण 483 जोडप्यांच्या. पहिल्या गठ्ठ्यात काही विलक्षण जुळते आहे असे वाटले. पुढच्या गठ्ठ्यांत ते टिकले नाही, भलतेच काही पुढे आले, आणि सर्व एकत्र केल्यावर आकड्यांत विशेष काही उरले नाही. हे त्यांनी लपवले नाही, याचा मला आदर वाटतो. भुंगेऱ्याने त्या बाईंचे मन पालटले हे खरे आहे. अर्थ त्या बाईंना सापडला. पण भुंगेरा सहज आला होता की निरोप घेऊन, हे त्यावरून ठरत नाही.

अशीच परीक्षा आपल्याकडे 2008 साली पुण्यात झाली. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या जन्मवेळा घेतल्या. शंभर मुले हुशार आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेली. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या पाठवल्या आणि कोणती कोणाची एवढेच सांगायचे होते. तयारी दाखवलेल्या एक्कावन्न जणांपैकी सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. ती सरासरीने शंभरात शेहेचाळीस बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे लिहिली असती तर पन्नास बरोबर यायची! हे मी कोणाची टिंगल करायला सांगत नाही. ज्यांनी उत्तरे पाठवली त्यांनी धोका पत्करला, म्हणून त्यांचा मानच केला पाहिजे. पण धोका पत्करला की निकालही पत्करावा लागतो.

कोणी म्हणेल, मास्तर, असेना का थोडी समजूत. कोणाचे काय बिघडते? काय बिघडते ते सांगतो. माझी एक चुलती 1972 साली लग्न होऊन आमच्या घरी आली. त्याच उन्हाळ्यात आमच्या मळ्यातली विहीर आटली. घरातल्या मोठ्या बायकांनी जोड लावला: पांढऱ्या पायाची सून आली. त्या साली महाराष्ट्रभर दुष्काळ होता, माणसे खडी फोडायला जात होती, गावोगावच्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या. माझ्या चुलतीच्या पावलांनी केवढी मजल मारली म्हणायची! पुढे पाऊस आला, विहीर भरली. ती भरल्याचे श्रेय मात्र तिला कोणी दिले नाही. म्हातारपणापर्यंत शुभकार्यात ती आपण होऊन मागे उभी राहायची. मी लहान होतो, एकदा विचारले, तर म्हणाली, "राहू दे बाळा, उगाच कशाला?"

दुसरी गोष्ट किल्लारीची. 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात, सरकारी आकड्यांप्रमाणेच, सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या भागातले एक गृहस्थ मला पुढे भेटले. विसर्जनाहून उशिरा परतले, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून बाहेर मोकळ्यावरच आडवे झाले, म्हणून वाचले. जो तो त्यांना म्हणे, "देवाने तुम्हाला राखले, त्यात काही हेतू असणार." ते मला म्हणाले, "आत माझी धाकटी मुलगी होती. मला राखणाऱ्याला ती दिसली नाही का?" मला उत्तर देता आले नाही. वाचलेल्याच्या योगायोगात हेतू पाहायचा, तर गेलेल्यांच्या योगायोगातही तो पाहावा लागतो, आणि ते बोलायला कोणाची जीभ धजणार नाही.

पण त्या पहाटे व्यवस्था नव्हती असे नाही. ती भिंतींत होती. मातीत बसवलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर हादऱ्यात अंगावर आले. हलक्या छपरांच्या झोपड्यांतली माणसे पुष्कळ ठिकाणी बचावली. हा नियम पुढच्या भूकंपालाही लागू आहे. तो कळला की घर निराळे बांधता येते आणि पुढची मुलगी वाचवता येते. त्या गृहस्थांनी नवे घर बांधताना गवंड्याच्या डोक्यावर उभे राहून कोपऱ्याकोपऱ्यात सळई घालून घेतली.

म्हणून श्रोतेहो, यापुढे एखादा विलक्षण योगायोग घडला, तर अवश्य आश्चर्य करा. पण चार प्रश्न विचारा. असे घडायला किती संधी होत्या? दोन्ही गोष्टींचे मूळ एकच तर नाही? यावरून पुढचे काही सांगता येते का? आणि चौथा, माझ्या मते सर्वांत मोठा: मी यात जो अर्थ पाहतो आहे, त्याची किंमत कोणाला मोजावी लागते?

शेवटी ग्रहणाकडेच येतो. सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट मोठा आहे आणि सुमारे चारशे पट दूर आहे, म्हणून चंद्र त्याला नेमका झाकतो. चंद्र वर्षाला पावणेचार सेंटिमीटरांच्या सुमारास दूर जातो आहे; सुमारे साठ कोटी वर्षांनी खग्रास ग्रहण दिसायचे नाही. म्हणजे आपण अगदी योग्य वेळी पृथ्वीवर आलो आहोत. हे आपल्यासाठीच मांडून ठेवले, असे म्हणायला मी धजत नाही. पण ही गाठ पडली आणि माणसाने तिच्यातून सूर्याच्या पोटातला एक नवा पदार्थ ओळखला. योगायोग आपल्याला मिळतो. त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी मात्र आपली असते, आणि ती सचोटीने पार पाडावी एवढेच माझे मागणे आहे.