चोथ्याचे मोल आणि पाण्याची जोड

(छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत 'चोथा' हा शब्द टाकाऊ वस्तूला लावण्याची रीत आहे. चहा गाळल्यावर गाळणीत उरतो तो चोथा. खवलेल्या नारळाचे दूध पिळून घेतल्यावर मुठीत राहतो तो चोथा. शब्दाच्या या अवहेलनेची छाया आहारविचारावरही पडली. अन्नातील प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे यांची तपशीलवार गणना शालेय पुस्तकांतून झाली. परंतु जे पचत नाही, त्याचा उल्लेख फार तर एखाद्या ओळीत उरकला गेला. जे पचत नाही ते शरीराच्या कामाचे नाही, अशी समजूत बराच काळ वैद्यकातही रूढ होती.

ती समजूत हलविण्याचे बरेचसे श्रेय डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाकडे जाते. सुमारे वीस वर्षे त्यांनी आफ्रिकेतील युगांडा देशात रुग्णसेवा केली. ब्रिटनच्या रुग्णालयांत नित्य दिसणारे बद्धकोष्ठ, मूळव्याध आणि मोठ्या आतड्याचे अनेक विकार तेथील खेड्यांतील लोकांत क्वचितच आढळतात, हे त्यांच्या ध्यानी आले. भरड धान्य, कंदमुळे व शेंगा खाणाऱ्या या लोकांच्या आहारात चोथा विपुल होता. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार जगापुढे हिरिरीने मांडला. या दोन समाजांत आहाराखेरीज इतरही अनेक भेद होते, त्यामुळे प्रत्येक रोगाचे खापर एकट्या चोथ्याच्या अभावावर फोडता येत नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्तच होता. तथापि चोथ्याकडे पाहण्याची दृष्टी त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीच्या पोटात दररोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतुमय पदार्थ जावेत, असे नमूद केले आहे.

हे तंतुमय पदार्थ स्थूलमानाने दोन जातींचे आहेत. पहिला पाण्यात न विरघळणारा. गव्हाचा कोंडा, ज्वारीच्या दाण्याचे वरचे आवरण, पालेभाज्यांचे देठ हे त्यात येतात. मळाचा आकार वाढविणे व त्याला पुढे ढकलणे हे त्याचे काम. दुसरा पाण्यात विरघळणारा किंवा पाणी शोषून बुळबुळीत होणारा. शास्त्रीय परिभाषेत त्याला विद्राव्य तंतू म्हणतात. आजच्या विवेचनाचा विषय मुख्यतः हा दुसरा प्रकार आहे. कारण अलीकडे औषधांच्या दुकानांतून त्याची भुकटी डबाबंद स्वरूपात विकली जाते, आणि तिच्याविषयी खऱ्याखोट्या अनेक गोष्टी सांगितल्या जातात.

वास्तविक नाव नवे असले तरी वस्तू मराठी घराला मुळीच नवी नाही. बाळंतिणीला दिली जाणारी अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, मराठवाड्यातील ताटात भाकरीशेजारी हमखास दिसणारी जवसाची चटणी, उन्हाळ्यात सरबतात टाकला जाणारा सब्जा आणि चिरताना हाताला चिकटणारी भेंडी या साऱ्यांत तो बुळबुळीत अंश असतो. इसबगोल तर त्याचे सर्वांत परिचित रूप. हे नाव फारसी भाषेतून आले. 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'गोल' म्हणजे कान. बीजाचा आकार घोड्याच्या कानासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले. राजस्थान व गुजरातेत त्याचे पीक घेतले जाते, उंझा व सिद्धपूर येथे भुसा वेगळा काढला जातो आणि तेथून तो जगभर जातो.

पोटात गेल्यावर हा पदार्थ काय करतो? पाणी शोषून तो फुगतो आणि त्याची लापशीसारखी दाट लगदी बनते. मळ घट्ट असेल तर ही लगदी त्याला ओलसर व मऊ ठेवते. पातळ असेल तर जादा पाणी धरून ठेवते. एकच वस्तू बद्धकोष्ठावर व जुलाबावरही कशी चालते, या नेहमीच्या शंकेचे उत्तर यात आहे. ही लगदी अन्नातील साखर हळूहळू रक्तात जाऊ देते, त्यामुळे जेवणानंतर रक्तातील साखर एकदम चढत नाही. पित्तातील आम्लांनाही ती आपल्याबरोबर बाहेर नेते. ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली याच कारणाने इसबगोलाविषयी, हृदयविकाराचा धोका कमी करण्यास त्याची मदत होऊ शकते, असे वेष्टनावर लिहिण्यास अनुमती दिली. त्यासाठी दिवसाला ७ ग्रॅम विद्राव्य तंतू पोटात जाणे आवश्यक मानले आहे. घातक कोलेस्टेरॉलमध्ये होणारी घट साधारण पाच ते दहा टक्के असते. ती उपयुक्त आहे. पण ज्याला डॉक्टरांनी गोळी दिली आहे त्याने ती सोडून द्यावी, इतकी निश्चित नव्हे.

यापैकी काही तंतू पुढे मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेव्हा तेथील जिवाणू ते आंबवितात. त्यातून निर्माण होणाऱ्या मेदाम्लांपैकी एक, ब्युटिरिक आम्ल, आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य खाद्य आहे. हे आम्ल शास्त्रज्ञांना प्रथम लोण्यात सापडले आणि त्याचे नावही लोण्यावरूनच पडले. जे माणसाला पचत नाही त्याचे लोणी त्याच्याच पोटातील जिवाणू काढतात, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

आता गवारीकडे वळावयास हवे. परसात लावली जाणारी आणि दाण्याचा कूट घालून केली जाणारी गवारीची भाजी मराठवाड्यात घरोघरी होते. परंतु जगाच्या बाजारात गवारीचे महत्त्व कोवळ्या शेंगेपेक्षा पक्व बियांतील डिंकाला आहे. जगातील गवारीचे बहुतांश उत्पादन भारतात, त्यातही राजस्थानात होते. आइस्क्रीम दाट करण्यापासून खनिज तेलाच्या विहिरी फोडण्यापर्यंत हा डिंक वापरला जातो. अमेरिकेतील तेलविहिरींच्या मागणीमुळे २०११-१२ मध्ये त्याचे भाव असे काही भडकले की, राजस्थानातील कोरडवाहू शेतकऱ्याने गवारीला सोन्याच्या तोलाची मानली. याच डिंकावर वितंचकांची प्रक्रिया करून त्याच्या लांब साखळ्या तोडल्या म्हणजे एक पांढरी भुकटी मिळते. ती पाण्यात पूर्ण विरघळते, दाट होत नाही आणि तिला चवही जवळजवळ नसते. परदेशी डब्यांतून विकल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य विद्राव्य तंतूंपैकी एक मोठा प्रकार हाच होय. गवार येथली, डबा तेथला.

या भुकटीचे गुण पारखून घेणे अगत्याचे आहे. ती सौम्य आहे, पोट फारसे फुगवत नाही आणि बद्धकोष्ठावर उपयोगी पडते. बांगलादेशातील ढाका येथे अतिसार झालेल्या बालकांच्या जलसंजीवनीत ती मिसळून पाहण्यात आली, तेव्हा जुलाबाचा काळ कमी झाल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्याच शहरात पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, दीर्घकाळ चाललेल्या अतिसारावर शिजविलेल्या कच्च्या केळ्याचाही असाच गुण आढळला. मात्र मधुमेहाच्या संदर्भात एक जुना प्रयोग विसरता कामा नये. डेव्हिड जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली असे दाखविले की, रक्तातील साखरेचा चढ रोखण्याचे सामर्थ्य तंतूच्या दाटपणावर अवलंबून असते. गवारीच्या डिंकाचा दाटपणा मोडला की तो गुणही नाहीसा होतो. म्हणजे जी भुकटी पाण्यात दिसेनाशी होते म्हणून गिऱ्हाइकाला आवडते, तिच्याकडून साखर रोखण्याच्या बाबतीत भिजवलेल्या मेथीदाण्याइतकी अपेक्षा धरता येत नाही. मेथीचा अभ्यास तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतच झाला. तेथील संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत मेथीच्या पिठाने मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा उतरल्याची नोंद आहे. प्रयोगातील मात्रा दिवसाला १०० ग्रॅम इतकी मोठी होती, हेही सांगितले पाहिजे. ती घरात कोणी रोज घेऊ शकणार नाही.

देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. हा आता केवळ शहराचा रोग राहिलेला नाही. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा तरुण सकाळी चहा-खारी आणि दुपारी वडापाव खातो; त्याचे वडील गावी ज्वारीची भाकरी खात मोठे झाले. संभाजीनगरच्या नान-खलियाची कीर्ती सर्वदूर आहे आणि तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण मैद्याचा नान हा सणाचा घास आहे, रोजचा नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरीत साडेअकरा, तर सडलेल्या तांदळात व मैद्यात प्रत्येकी तीन ग्रॅमहूनही कमी तंतू असतात. दोनशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या, वाटीभर वरण आणि एक भाजी एवढ्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले २५ ग्रॅम पुरे होतात. मेथीदाण्यात तंतूंचे प्रमाण जवळजवळ निम्मे, तर जवसात चौथाई आहे. १९७२ च्या दुष्काळातील तांबड्या मिलोची आठवण अजून कित्येकांना असेल. ती खाताना लोक ज्या ज्वारीसाठी हळहळले, तिची शेते आज कापसाने व सोयाबीनने व्यापली आहेत. डबाबंद भुकटी ही या गेलेल्या ज्वारीची भरपाई म्हणून विकत घेतली जात असेल, तर तो व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागेल. वृद्ध, दात गेलेले, दीर्घ आजारातून उठलेले किंवा पोटाच्या विशिष्ट विकाराने त्रस्त झालेले रुग्ण यांची गोष्ट निराळी; त्यांना वैद्यकीय सल्ल्याने ती निश्चित द्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. विद्राव्य तंतूला पाणी लागते. इसबगोलाचा चमचा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी घ्यावे. कोरडा फाका मारला तर तो अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो. अमेरिकेत वजन उतरविण्यासाठी गवारीच्या डिंकाच्या गोळ्या विकल्या जात. त्या गळ्यात व अन्ननलिकेत अडकून माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि १९९० च्या सुमारास त्यांवर कारवाई करावी लागली. पुरेसे पाणी नसेल तर आतड्यातही हाच प्रकार घडू शकतो. ज्यांना गिळण्यास त्रास होतो किंवा ज्यांच्या आतड्यात पूर्वी अडथळा आला आहे, त्यांनी असे पदार्थ स्वतःच्या मनाने घेऊच नयेत. थायरॉइडच्या व इतर काही औषधांचे शोषण त्यामुळे कमी होते, म्हणून औषध व तंतू यांत दोन तासांचे अंतर असावे. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलली असेल, तर इसबगोलावर महिना काढण्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा घाटी रुग्णालय गाठावे.

परंतु पाण्याचा प्रश्न केवळ पेल्यापुरता नाही. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या गावात 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला देणाऱ्याला सोपा आणि ऐकणाऱ्याला कठीण असतो. शेतावर किंवा रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या कित्येक स्त्रिया दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात, कारण आडोसा नसतो. ज्या शाळेच्या स्वच्छतागृहाला दाराची कडी नाही किंवा आत पाणी नाही, तेथील मुलीही तेच करतात. अशा स्त्रीला बद्धकोष्ठ झाले म्हणून चोथ्याचा उपदेश करणे म्हणजे अर्धेच औषध देणे. प्रसंगी ते अपायकारकही ठरेल. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या नावातच या चारही गोष्टी एकत्र आहेत. समितीच्या बैठकीत मात्र त्या बहुधा निरनिराळ्या दिवशी येतात, किंवा येतच नाहीत. कामाच्या जागी सावलीत पाण्याचा माठ व आडोसा आहे काय आणि शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येते काय, याची पाहणी पंचायत सदस्य एका सकाळी करू शकतात. त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

शालेय पोषण आहाराचा मुख्य आधार तांदूळ आहे आणि तो एकट्या शाळेला बदलता येणार नाही. पण खिचडीत पडणारी डाळ, मटकी व भाजी यांचे प्रमाण ठरल्याप्रमाणे पडते की नाही, हे मुख्याध्यापकांच्या हातात आहे, आणि शाळेची परसबागही. जून-जुलैत पाऊस पडला की गवार व भेंडी लावता येते. दोन्हींना फार लाड लागत नाहीत. मुलांच्या आहारात तंतू वाढवावयाचे ते हळूहळू, आठवड्याला थोडे थोडे. एकदम वाढविले तर पोट फुगते, दुखते आणि मूल त्या भाजीकडे पुन्हा पाहत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी मेथीचा वाफा टाकावा. सगळी मेथी भाजीसाठी न खुडता दोन ओळी राखून ठेवल्या, तर मार्चपर्यंत दाणा तयार होतो. रात्री भिजवून सकाळी आमटीत टाकण्यास आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यास तो पुरतो.