तान्हुल्यांच्या आईबापांस अनुदान : उपकार नव्हे, हक्क



आपल्या सभांमधून शिक्षण, नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्या यांवर पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा विद्यार्थी घडण्याची सुरुवात शाळेच्या दारात होत नाही. ती आईच्या पोटात होते आणि पहिल्या तीन वर्षांत त्याचा पाया भरला जातो. या तीन वर्षांत आईला विश्रांती, बाळाला दूध आणि घराला चार पैशांचा आधार मिळाला नाही, तर पुढे दिलेली वह्या-पुस्तके अपुरी पडतात. म्हणून आज आम्ही लहान बाळांच्या आईबापांना मिळणाऱ्या अनुदानाविषयी बोलणार आहोत.

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकास पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावयास हवा, पण कामगार स्त्रीच्या श्रमाचा फायदा मालकालाही होतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा द्यावा, असे त्यांनी मांडले. त्यांचा हा विचार दयेवर उभा नव्हता. मूल हे केवळ एका घराचे नसून उद्याच्या समाजाचे आहे, हे त्यामागचे सूत्र होते. पुढे १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभ कायदा झाला. स्वतंत्र भारतात १९६१ साली देशव्यापी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली.

परंतु बंधुभगिनींनो, ही रजा कोणाला मिळते? जिचे नाव हजेरीपटावर आहे तिला. आपल्या वस्तीतील किती भगिनींचे नाव हजेरीपटावर आहे? कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी नाक्यावर उभी राहते, कोणी शेतमजुरीला जाते, कोणी घरबसल्या नगावर काम करते. बाळाला सहा महिने केवळ अंगावरचे दूध पाजा, असे डॉक्टर सांगतात. कायद्याची २६ आठवड्यांची रजा म्हणजेही सहा महिनेच. हिशेब करून पाहू. दिवसाची मजुरी ३०० रुपये आणि आठवड्याचे सहा दिवस काम धरले, तर २६ आठवड्यांत ४६,८०० रुपये बुडतात. ही मजुरी भरून देणारा कोणी नसेल, तर दीड-दोन महिन्यांतच आई कामावर जाते आणि बाळ वरच्या दुधावर राहते. यात आईचा दोष नाही.

अशा भगिनींसाठी आज काय आहे? २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातांना किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. केवळ सरकारी नोकरीतील आणि अन्य कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रियांना त्यातून वगळले. प्रधानमंत्री मातृवंदना योजना १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. तिच्या सुधारित स्वरूपात पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची वेळेत नोंदणी व किमान एक तपासणी झाल्यावर ३,००० आणि बाळाची जन्मनोंदणी व लसीकरणाची पहिली फेरी झाल्यावर २,००० रुपये. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकदम मिळतात. अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रिया, दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिकाधारक, ई-श्रम कार्डधारक आणि आणखी काही गट पात्र आहेत. मुलींचे स्वागत व्हावे हा सरकारचा हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. पण दुसरा मुलगा झाला म्हणून आईच्या शरीराची झीज कमी होते काय? आणि ५,००० रुपये म्हणजे आमच्या वरील हिशेबाने जेमतेम १७ दिवसांची मजुरी.

अधिक देता येत नाही असेही नाही. तामिळनाडूने डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची मातृत्व सहाय्य योजना १९८७ सालीच सुरू केली. ती रक्कम वाढत वाढत २०१८ साली रोख व पोषण साहित्य मिळून १८,००० रुपयांवर गेली. आपल्या राज्यातही नोंदणीकृत बांधकाम कामगारांना कल्याणकारी मंडळाकडून दोन अपत्यांपर्यंत नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि शस्त्रक्रियेच्या प्रसूतीसाठी २०,००० रुपयांची तरतूद आहे. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीसाठी 'लेक लाडकी' योजनेत जन्मानंतर ५,००० रुपये आणि पुढे टप्प्याटप्प्याने, १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, एकूण १,०१,००० रुपये आहेत. हे आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे?

ठाऊक असूनही पैसे अडतात ते कागदांत. आमच्या पाहण्यातील एका भगिनीचे आधार कार्ड माहेरच्या नावाने, बँकेचे खाते सासरच्या नावाने. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, म्हणून तपासणीच्या नोंदी तिकडे आणि अर्ज इकडे. बाळ चालू लागले तरी पैसे आले नाहीत. रक्कम थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते, तेव्हा एका अक्षराचा फरकही पुरतो. असे दुसऱ्या भगिनीचे होऊ नये, हे आपल्या हातात आहे.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो.

पहिली सूचना विद्यार्थ्यांसाठी. दर रविवारी दोन तास विहारात मदत कक्ष चालवा. वस्तीत कोणी गरोदर असल्याचे कळताच तिची अंगणवाडीत नोंद झाली आहे काय, माता-बाल संरक्षण कार्ड आहे काय, तिच्या स्वतःच्या नावाचे खाते आहे काय, सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे काय, एवढे चार प्रश्न विचारा आणि उणीव असेल ती प्रसूतीपूर्वी भरून काढा. यास पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

दुसरी सूचना पाळणाघराची. अंगणवाडी काही तासांपुरती असते आणि तीन वर्षांखालील बाळांना तेथून मुख्यतः शिधा मिळतो, दिवसभराचा सांभाळ मिळत नाही. आई कामावर गेली की धाकट्याला मोठी बहीण सांभाळते आणि तिची शाळा सुटते. म्हणजे एक पाळणाघर दोन लेकरांना वाचविते. यासाठी अनुदानाचे मार्ग आहेत. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चावयाचे असतात. महानगरपालिकांच्या अंदाजपत्रकातही यासाठी राखीव तरतूद असते. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे भाग आहे. मात्र अनुदान मागणाऱ्या संस्थेची नोंदणी, तपासलेले हिशेब आणि वेळेवर दाखल केलेले बदल अर्ज या गोष्टी चोख हव्यात. आणि मागताना केवळ खेळणी व रंगरंगोटी मागू नका. बाळांना सांभाळणाऱ्या ताईंचा दरमहाचा पगार मागा. पगाराविना पाळणाघर सहा महिन्यांत बंद पडते आणि खेळणी कपाटात राहतात.

तिसरी सूचना बापांसाठी. या विषयावर बोलणे म्हणजे बायकांचा कार्यक्रम, असे समजून बंधू मागच्या रांगेतून उठून जातात. तसे करू नये. बाळाची जन्मनोंद करणे, लसीकरणाला घेऊन जाणे, बँकेच्या रांगेत उभे राहणे ही बापाचीही कामे आहेत. आणि आईच्या खात्यात आलेला पैसा आई व बाळाच्याच तोंडी लागला पाहिजे, याची हमी घरातील पुरुषाने द्यावी.

सरकारकडे रक्कम वाढवून मागण्याची आपली मागणी चालूच राहील. दुसऱ्या अपत्यासाठी मुलगा-मुलगी असा भेद न करता लाभ द्यावा, असा ठराव या सभेने करावा, अशी आमची विनंती आहे. पण ठरावाचा कागद मंत्रालयात पोहोचेपर्यंत आपल्या वस्तीतील बाळ थांबणार नाही. त्याचे दिवस आजच चालले आहेत. येत्या रविवारी मदत कक्षाचे टेबल विहारात लागावे आणि त्यामागे बसावयास निदान चार विद्यार्थ्यांनी आजच आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम.