रिता कोश, परावलंबी परराष्ट्रनीती



कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली. त्यांत कोशाचे स्थान दंड आणि मित्र यांच्याही आधी आहे. तिजोरी रिती झाली, की सैन्यबळ खचते आणि मित्र निवडण्याचे स्वातंत्र्यही हातचे जाते. आपल्या शेजारच्या श्रीलंकेला हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

तेथील २६ वर्षांचे यादवी युद्ध २००९ मध्ये संपले. पुढे विकासाच्या घाईत कर्जांचा डोंगर उभा राहिला. चिनी कर्जातून २०१० मध्ये हंबनटोटा बंदर सुरू झाले. पण तेथे पुरेशी जहाजेच येईनात. २०१७ मध्ये ११२ कोटी डॉलरच्या मोबदल्यात ते ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेले. या व्यवहाराने चीनचे कर्ज फिटले, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः ते कर्ज तसेच राहिले. डॉलर हवे होते ते आटलेली परकीय चलनाची गंगाजळी भरण्यासाठी!

२०१९ मधील बॉम्बस्फोट आणि करकपात, पाठोपाठ कोरोना, २०२१ मधील रासायनिक खतांवरील बंदी, अशा आघातांनी अर्थव्यवस्था कोलमडली. एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जफेड थांबली आणि जुलैत अध्यक्षांना देश सोडून पळावे लागले.

त्या वर्षी भारताने इंधन, अन्न, औषधे आणि पतपुरवठा मिळून सुमारे ४०० कोटी डॉलरचे साहाय्य केले. तरीही ऑगस्टमध्ये उपग्रह व क्षेपणास्त्रांचा माग घेऊ शकणारे ‘युआन वांग ५’ हे चिनी जहाज हंबनटोटाला लागलेच. कोलंबोने आधी ते लांबणीवर टाकण्यास सांगितले, मग परवानगी दिली. ऋणको सावकाराला ‘नाही’ म्हणणार कसा?

मग भारताचे साहाय्य वाया गेले काय? मुळीच नाही. जानेवारी २०२३ मध्ये कर्ज-पुनर्रचनेची हमी सर्वप्रथम भारताने दिली; मार्चमध्ये नाणेनिधीचे कर्ज मंजूर झाले. २०२४ मध्ये श्रीलंकेने परकीय संशोधन जहाजांना वर्षभर मज्जाव केला. त्याच डिसेंबरात अध्यक्ष दिसानायके यांनी दिल्लीत ग्वाही दिली, की आपली भूमी भारताच्या हिताविरुद्ध वापरू दिली जाणार नाही. विश्वास असा सावकाश रुजतो. तो एका हप्त्यात विकत मिळत नाही.

शेजाऱ्याच्या फजितीला हसण्याचे मात्र कारण नाही. १९९१ मध्ये भारतालाही सोने गहाण टाकावे लागले होते. सीमेवर जवान जागा असतो. कोशावरचा पहारा मात्र राज्यकर्त्यांनी आणि सुजाण नागरिकांनी करायचा असतो.