मशीनचं कर्ज आणि मावशींची सून

घोटीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

आमची गेली बैठक फार लांबली. गटातल्या एका मावशींना ४० हजारांचं कर्ज हवं होतं. कशाला, तर पाण्यात हायड्रोजन सोडणारं मशीन घ्यायला. गरोदर सुनेनं ते पाणी प्यायलं की बाळाच्या मेंदूला धक्का लागत नाही, असं विकणारा सांगून गेला होता. मावशींचा पहिला नातू सातव्या महिन्यातच झाला. दोन वर्षांचा झाला तरी पाय ताठ, धड बसता येत नाही. मेंदूतल्या पांढऱ्या भागाला इजा आहे, असं डॉक्टर म्हणाले. सून आता पुन्हा गरोदर. अशा आजीला नाही कसं म्हणायचं?

म्हणून आधी आम्ही चौकशी केली. विकणारा सगळंच खोटं बोलत नव्हता, आणि फसगत तिथंच होते.

पांढरा भाग म्हणजे मेंदूचे निरोप नेणाऱ्या तारा. विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं, तसं या तारांवर चरबीचं आवरण चढतं. फार लवकर, ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळात ते आवरण बनवणाऱ्या पेशी अजून कोवळ्या असतात. प्राणवायू कमी पडला किंवा आईला जंतुसंसर्ग झाला, तर त्यांना इजा होते. अशा वेळी शरीरात घातक कण तयार होतात. हायड्रोजन ते निकामी करतो, असं २००७ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं. पुढे तिथल्याच नागोया विद्यापीठात गाभण मादीला हायड्रोजनचं पाणी दिलं, तर पिल्लांच्या मेंदूची इजा कमी झाली. पण ही सगळी पिल्लं उंदरांची!

माणसांवर यशस्वी झालेलं तरी इथं चालेलच असं नाही. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं अंग तीन दिवस थंड ठेवायचा उपचार श्रीमंत देशांत लागू पडला होता. तोच भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तपासला, त्यात मुंबईचं सायन रुग्णालयही होतं. २०२१ साली निकाल आला: थंड ठेवलेल्या बाळांतच मृत्यू जास्त.

मग हातात काय आहे? दिवस भरण्याआधी कळा आल्या, तर दवाखान्यात बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. प्रसूती फारच लवकर होणार असेल, तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियमही देतात. पण त्यासाठी वेळेत पोचायला हवं. पहिल्या खेपेला ही सून आवणीच्या चिखलात होती. पोट दुखत होतं, तरी एवढं वावर उरकू म्हणाली. आम्हीही शेजारच्याच बांधावर होतो. १०८ ला फोन संध्याकाळी केला.

मशीनचं कर्ज आम्ही दिलं नाही. मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत. नाशिकच्या तपासण्या आणि जाण्यायेण्यासाठी ४ हजार दिले, व्याज नाही. नातवालाही त्याच फेरीत जिल्हा रुग्णालयात व्यायाम शिकवायला नेतात. यंदा सुनेच्या वाट्याची आवणी आम्ही पाचजणी करतोय. तिला सातवा लागलाय, आणि मावशींच्या फोनमध्ये १०८ सगळ्यात वर ठेवलाय.