खाड्याचा हिशेब



अर्थशास्त्र परिषदेच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत आणि तेही राजर्षी शाहूंच्या नगरीत, कोल्हापुरात. हा मान मी नम्रतेने स्वीकारतो.

आज मला एका शब्दाविषयी बोलायचे आहे. तो आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही, उसाच्या फडात मात्र रोज ऐकू येतो. तो शब्द म्हणजे खाडा. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांपैकी एकाला ताप आला, तोडीला जाता आले नाही, की त्या दिवसाचा खाडा पडतो. मजुरी तर बुडतेच, वर मुकादम उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या, हिशेबात दंडही धरतो. हवामान, शरीर आणि मिळकत यांची गाठ कशी पडते, ते या दोन अक्षरांत कळते.

आपल्या शास्त्रातला हा जुना प्रश्न आहे. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे उष्णकटिबंधात येतो. या पट्ट्यातले बहुतेक देश गरीब का राहिले? विसाव्या शतकाच्या आरंभी एल्सवर्थ हंटिंग्टनसारख्या लेखकांनी उष्ण हवेतला माणूसच ढिला असतो, असे उत्तर दिले. त्या उत्तरात वंशाचा अहंकार होता. त्यामुळे पुढे अर्थशास्त्रज्ञांनी हवामानाचे नावच टाकले. गुन्नार मिर्दाल यांनी 1968 च्या ‘एशियन ड्रामा’मध्ये या मौनावर बोट ठेवले.

2001 मध्ये हा वाद पुन्हा पेटला. जेफ्री सॅक्स यांनी मांडले की 1820 मध्ये उष्ण प्रदेशाचे दरडोई उत्पन्न समशीतोष्ण प्रदेशाच्या सुमारे 70 टक्के होते, ते 1992 मध्ये 25 टक्क्यांवर आले. शेतीचे आणि आरोग्याचे तंत्र थंड देशांत, तिथल्या पिकांसाठी आणि तिथल्या रोगांसाठी घडले, ते इथे जसेच्या तसे रुजले नाही, हे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांनी उलट बाजू मांडली. जिथे हिवतापाने आणि पीतज्वराने युरोपीय वसाहतवाले मरत, तिथे त्यांनी वस्ती न करता लूट करणाऱ्या संस्था उभ्या केल्या, आणि गरिबीचे मूळ त्या संस्थांत आहे. या तिघांना 2024 चे नोबेल मिळाले. पुढे डेल, जोन्स आणि ओल्कन यांनी 2012 मध्ये दाखवले की एखादे वर्ष एका अंशाने अधिक उष्ण गेले, तर गरीब देशांच्या वाढीचा दर सुमारे 1.3 टक्के-बिंदूंनी घसरतो. श्रीमंत देशांत असा परिणाम ठळकपणे दिसत नाही. ऊन सगळ्यांवर पडते, पण सावली विकत घेण्याची ताकद सगळ्यांकडे नसते.

हा वाद आपण परदेशी म्हणून वाचतो. प्रत्यक्षात शरीर आणि गरिबी यांना जोडणारा त्याचा एक महत्त्वाचा धागा सातारा जिल्ह्यातला आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोजच्या 2,250 कॅलरींवर दारिद्र्यरेषा आखली. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी तिला हरकत घेतली. दांडेकर साताऱ्याचे, सुखात्मे त्याच जिल्ह्यातल्या बुधचे. सुखात्मे म्हणत, प्रत्येक शरीराची गरज वेगळी असते, ती दिवसागणिक बदलते, आणि प्यायचे पाणी घाण असेल तर पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही. त्यांच्या गणिताने गरिबांची संख्या कमी दाखवली जाईल, ही दांडेकरांची भीती रास्त होती. मी दोघांचाही विद्यार्थी आहे. दांडेकरांनी ताट मोजायला शिकवले, सुखात्म्यांनी ताटाशेजारचा तांब्या दाखवला.

तो तांब्या घेऊन आता कोल्हापूरच्या पंचगंगेवर येऊ या. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर नदीने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 55 फुटांच्याही वर गेले. शहराची उपसा केंद्रे बुडाली. चोहीकडे पाणी आणि प्यायला टँकर, ही अवस्था आपण पाहिली. पंचनाम्यात पडलेली भिंत येते, वाहून गेलेले जनावर येते, कुजलेला ऊस येतो. बुडालेली रोजंदारी आणि पूर ओसरल्यानंतरचे आजारपण यांना त्यात रकाना नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, माणसे दगावली. मीटरवर मजुरी घेणारा यंत्रमाग कामगार आठवडेच्या आठवडे अंथरुणावर राहिला, तेव्हा त्या घराने काय विकले, कोणाकडून हातउसने घेतले, पोरांची शाळा सुटली का? हे प्रश्न आपल्या शास्त्राचे होते.

आणि ऊस. मराठवाड्यात पाऊस दगा देतो, म्हणून बीडची माणसे दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यात येतात. तिकडचा दुष्काळ आणि इकडचे पाणी यांच्यामध्ये त्यांचे शरीर राबते. फडाशेजारी कोपी, पहाटेची थंडी, मार्चचे ऊन, डोक्यावर मोळी, ना संडास ना न्हाणी. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आकडे आले. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यामागे कारणे अनेक आहेत, खाड्याची धास्ती त्यांतले एक आहे. पाळीच्या दुखण्याने दिवस बुडू नये म्हणून जिथे अवयव काढला जातो, तिथल्या साखरेचा उत्पादनखर्च आपण चुकीचा मांडला आहे. तो खर्च कारखान्याच्या ताळेबंदात नाही, बाईच्या देहात आहे.

हे अटळ आहे, असे कोणी म्हणू नये. याच कोल्हापुरात 1896-97 च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली आणि दुष्काळी कामावर येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी संगोपनगृहे काढली. पुढे भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. पिण्याचे पाणी, सावली, मुलांची देखभाल हे कामाचाच भाग आहेत, हे त्यांना कळले होते. सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीच्या 1977 च्या कायद्यातही या सोयी आल्या. अक्षांश तोच होता, पाऊस तसाच लहरी होता. फरक राज्यकर्त्याच्या इच्छेने पडला. हवामान माणसापुढे अडचण उभी करते. त्या अडचणीचे दैन्य व्हायचे की नाही, हे समाज ठरवतो.

म्हणून या व्यासपीठावरून तीन गोष्टी मागतो. अर्थशास्त्राच्या प्रत्येक विभागाने एक गाव किंवा एक टोळी निवडावी आणि वर्षभर, घरागणिक, आजारपणाने बुडालेल्या दिवसांची वही ठेवावी. त्या वहीशेजारी प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंद आणि तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे ठेवावेत, तिन्ही एकत्र वाचावेत. दुसरी मागणी साखर कारखान्यांकडे: फडावर पाणी, संडास आणि पाळणाघर द्या, आजारी दिवसाचा दंड बंद करा, आणि हा खर्च टनामागच्या तोडणी खर्चात उघडपणे धरा. तिसरी शासनाकडे: महापुराच्या पंचनाम्यात बुडालेल्या मजुरीचा आणि आजारपणाचा रकाना घाला.

तरुण संशोधकांनो, परदेशी नियतकालिकांत जरूर लिहा. पण येत्या गळीत हंगामात एकदा पहाटे फडावर जा. तिथल्या एखाद्या बाईला विचारा, बाई, यंदा किती खाडे पडले, आणि कशाने? ती सांगेल तो आकडा मान खाली घालून लिहून घ्या. उष्ण प्रदेशाचे अर्थशास्त्र त्या आकड्यापासून सुरू होते, आणि ते आपणच लिहायचे आहे.