विनामूल्य वाचनाच्या वाटा

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या साहित्यावरील कॉपीराइट संपतो. ही मुदत निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तके कोणालाही छापता आणि वाटता येतात. हरी नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी यांचे लेखन तर त्याच्या कितीतरी आधी खुले झाले. अशी बरीच जुनी पुस्तके मराठी विकिस्रोतावर मोफत वाचता येतात. मराठी विश्वकोश आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनेक ग्रंथही संकेतस्थळांवर खुले आहेत. इतका मोलाचा ठेवा फार थोड्यांना ठाऊक असावा, ही खेदाची गोष्ट आहे.

छापील पुस्तकांसाठी सार्वजनिक ग्रंथालये आहेतच. पुस्तक घरी न्यायला सहसा वर्गणी आणि अनामत लागते, पण अनेक ठिकाणी वाचनकक्षात बसून वर्तमानपत्रे, मासिके फुकट वाचता येतात.

पाचगणीजवळच्या भिलारमध्ये ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. तेथे गावकऱ्यांच्या घरांत कथा, कविता, चरित्रे अशी विषयवार पुस्तके मांडलेली असतात. येणाऱ्याने हवा तितका वेळ बसून वाचावे. त्याचे पैसे घेतले जात नाहीत.